मॉडेल ९९ टक्के अचूक दिसतंय. पैसे लावण्याआधी काय तपासावं?

आलेखपाल

निर्देशांकाचा दुसऱ्या दिवशीचा बंद भाव सांगणारं एक एलएसटीएम मॉडेल (आकड्यांच्या मालिकेवरून शिकणारं न्यूरल जाळं) तयार आहे. खरे पैसे लावण्याआधी जाणकारांनी त्याची चिरफाड करावी, म्हणून हातचं न राखता सगळा तपशील देतो.

दहा वर्षांचा रोजचा डेटा: उघडतानाचा, वरचा, खालचा आणि बंद भाव, शिवाय उलाढाल. त्यावर आरएसआय, एमएसीडी (भावाचा जोर आणि कल दाखवणारे इंडिकेटर), २० आणि ५० दिवसांची मूव्हिंग अ‍ॅव्हरेज. गोंगाट कमी व्हावा म्हणून बंद भावाची अख्खी मालिका आधी वेव्हलेटने (छोटे चढउतार गाळणारं गणिती तंत्र) गुळगुळीत केली. मग सगळे आकडे ० ते १ मध्ये बसवले. त्यानंतर पहिले ८० टक्के दिवस शिकवायला आणि शेवटचे २० टक्के तपासायला ठेवले. मागचे ६० दिवस आत जातात, पुढच्या दिवसाचा बंद भाव बाहेर येतो.

तपासणीच्या दोन वर्षांतले निकाल: आर-स्क्वेअर्ड (खऱ्या आकड्यांतला किती फरक अंदाजाने समजावला; १ म्हणजे पूर्ण) ०.९८, सरासरी चूक ०.९ टक्के, दिशा ५७ टक्के वेळा बरोबर. मॉडेल 'वर' म्हणालं की बंद भावाला खरेदी, 'खाली' म्हणालं की विक्री, असा बॅकटेस्ट (जुन्या डेटावर व्यवहाराची तालीम) केला तर वर्षाला सुमारे ३० टक्के. दलाली धरलेली नाही. जाळ्यातल्या थरांची संख्या, खिडकीची लांबी (मागचे किती दिवस आत जातात), इंडिकेटरच्या जोड्या बदलून साधारण २०० रचना चालवल्या, त्यांतली ही सर्वांत चांगली.

प्रश्न सरळ आहे. यातलं खरं किती आणि आभास किती, आणि ते ओळखायचं कसं?

कालचाभाव

आर-स्क्वेअर्डपासून सुरुवात करू. तो ०.९८ चं श्रेय मॉडेलचं नाही, भावाच्या मालिकेचं आहे.

आज बंद झालेला भाव तसाच्या तसा उद्याचा अंदाज म्हणून लिहा. शिकवणं नाही, गणित नाही. याला भाबडा अंदाज म्हणू. निर्देशांक दिवसाला साधारण १ टक्का प्रमाण विचलनाने (सरासरीभोवतीच्या पसाऱ्याचं माप) हलतो असं धरलं, तर या भाबड्या अंदाजाची सरासरी चूक ०.८ टक्क्यांच्या आसपास येते, प्रत्यक्ष बाजारात बहुधा थोडी कमीच. म्हणजे ९९.२ टक्के 'अचूकता' फुकटात मिळाली. तुमची चूक ०.९ आहे. म्हणजे तुमचं मॉडेल काहीच न करणाऱ्या अंदाजाला हरतंय.

आर-स्क्वेअर्डचंही तेच. समजा त्या दोन वर्षांत निर्देशांक आपल्या सरासरीभोवती ८ टक्के प्रमाण विचलनाने फिरला. भाबड्या अंदाजाची चूक १ टक्का. मग आर-स्क्वेअर्ड होतो १ वजा (१/८) चा वर्ग, म्हणजे ०.९८४. काळ जितका लांब आणि भाव जितका लांबवर सरकलेला, तितका हा आकडा १ कडे जाणार. यात भाकिताचा अंशही नाही.

मॉडेल कालचाच भाव पुढे ढकलतंय का, हे ओळखायला आलेख मोठा करून ५० दिवसांचा तुकडा पाहा. अंदाजाची रेघ खऱ्या रेघेची एक घर उजवीकडे सरकलेली नक्कल दिसेल. डोळ्यांवर भरवसा नसेल तर अंदाजाचा सहसंबंध एकदा त्याच दिवसाच्या भावाशी आणि एकदा आदल्या दिवसाच्या भावाशी काढा. आदल्या दिवसाशी जास्त निघाला तर संपला विषय.

आता दुरुस्ती. भाव सोडा, परतावा धरा: आजचा भाव भागिले कालचा भाव, त्याचा लॉगरिदम. मॉडेलला हेच ओळखायला लावा आणि आर-स्क्वेअर्ड यावर मोजा. तो शून्याजवळ येईल, कदाचित उणेही येईल. त्यात वावगं काही नाही. दैनंदिन परताव्यावर न पाहिलेल्या डेटात ०.००५ इतका आर-स्क्वेअर्ड खरोखर टिकला, तर सहसंबंध ०.०७ होतो, दिशा ५२ टक्क्यांच्या जरा वर जाते आणि खर्चाआधी वार्षिक शार्प रेशो (परतावा भागिले त्याचा चढउतार) १.१ च्या घरात पोचतो. या धंद्यात लोक या ०.००५ साठी झटतात. म्हणून भावावरच्या ०.९८ ला कोणी विचारत नाही.

५७ टक्के दिशेबद्दल एकच विचारतो. त्या दोन वर्षांत किती दिवस बाजार वर बंद झाला ते मोजलंत का? तेजीच्या काळात ५४-५५ टक्के दिवस वरचे असतात. रोज डोळे मिटून 'वर' म्हणणाराही तितका बरोबर ठरतो. तुलना ५० शी करू नका, त्या आकड्याशी करा.

चाळणी

कालचाभाव यांनी मोजमापाचं सांगितलं. मला जास्त खटकला तो क्रम: 'अख्खी मालिका गुळगुळीत केली, मग बसवली, मग तोडली.' भविष्य भूतकाळात झिरपायला याहून सोपा रस्ता नाही.

वेव्हलेट हा मुख्य संशयित. पूर्ण मालिकेवर चालवलेला वेव्हलेट मंगळवारचा गुळगुळीत आकडा काढताना बुधवार, गुरुवार, शुक्रवारचे भावही वापरतो. म्हणजे मॉडेलला मंगळवारी जे दाखवलं, त्यात उत्तर आधीच मिसळलेलं आहे. मध्यभागी धरलेली मूव्हिंग अ‍ॅव्हरेज, मागेपुढे दोन्ही बाजूंनी चालणारे फिल्टर आणि झिगझॅगसारखे मागाहून आपल्या खुणा बदलणारे इंडिकेटर, सगळ्यांचा दोष हाच. बरोबर पद्धत अशी: प्रत्येक दिवसासाठी फक्त त्या दिवसापर्यंतचा डेटा घेऊन वेव्हलेट नव्याने चालवायचा आणि त्याचा शेवटचा बिंदू तेवढा वापरायचा. असं केलं की टोकाचा बिंदू वेडावाकडा येतो आणि गुळगुळीतपणाचा जो फायदा दिसत होता तो बहुतेक वेळा नाहीसा होतो. तो फायदा टोकाच्या पुढचं दिसत होतं म्हणूनच होता.

० ते १ ची मोजपट्टीही गळकी आहे. दहा वर्षांचा उच्चांक तपासणीच्या भागात असेल तर निर्देशांक कुठवर जाणार हे शिकवतानाच सांगून टाकलंत. मोजपट्टी फक्त पहिल्या ८० टक्क्यांवर ठरवायची आणि पुढे तीच लावायची. मग भाव १ च्या वर गेले की मॉडेल गडबडेल. परताव्यांवर काम करण्याचं हेही एक कारण.

तिसरी गळती व्यवहाराची. इशारा बंद भावावरून निघतो आणि खरेदीही त्याच बंद भावाला होते. बंद भाव कळेपर्यंत बाजार बंद झालेला असतो. एकतर दुसऱ्या दिवशीच्या उघडत्या भावाला व्यवहार धरा, नाहीतर बाजार बंद होण्याच्या १५ मिनिटं आधीच्या भावावर इशारा काढा. या एका बदलाने अर्धा नफा गळतो असे बॅकटेस्ट सर्रास सापडतात, कारण रात्रीतून पडणारी तफावत त्यांनी न कमावता खात्यात लिहिलेली असते.

उद्या हेच सुट्या शेअरवर चालवाल तेव्हा आणखी तीन खड्डे लागतील. आज निर्देशांकात असलेल्या कंपन्यांची यादी घेऊन दहा वर्षं मागे जाऊ नका. बुडालेल्या, विकल्या गेलेल्या आणि निर्देशांकातून काढलेल्या कंपन्या त्या यादीत नसतात, त्यामुळे निकाल आपोआप गोजिरा दिसतो. प्रत्येक तारखेला तेव्हाची यादी लागते. तिमाही निकाल तिमाही संपली त्या तारखेला टाकू नका, जाहीर झाले त्या तारखेला टाका. मध्ये कित्येक आठवडे जातात. आणि राष्ट्रीय उत्पन्न, रोजगार असे आकडे नंतर सुधारले जातात. त्या दिवशी जगाला पहिला आकडा माहीत होता, आज संकेतस्थळावर दिसतो तो नव्हे.

गळती आहे की नाही हे ठरवायला दोन चाचण्या पुरतात.

पहिली: रोजच्या परताव्यांचा क्रम पत्त्यांसारखा पिसून नवी खोटी मालिका बनवा. त्या-त्या दिवसाचे उघडता, वरचा आणि खालचा भाव बंद भावाच्या प्रमाणात सोबत हलवा. सरासरी तीच, चढउतार तेवढाच, पण क्रमात काही अर्थ उरलेला नाही. आता वेव्हलेटसकट पूर्ण प्रक्रिया तिच्यावर चालवा. इथेही ५७ टक्के आले तर ते ५७ गळतीचे आहेत. अशा १०० मालिका करा आणि खऱ्या मालिकेचा निकाल त्या १०० निकालांत कितवा येतो ते बघा. पहिल्या पाचांतही नसेल तर पुढे वेळ घालवू नका.

दुसरी: आत जाणारे सगळे आकडे आणखी एक दिवस मागे सरकवा. खऱ्या इशाऱ्याचा कस हळूहळू उतरतो. गळतीचा इशारा एका दिवसात कोसळतो.

हिशेबनीस

गळती बंद केलीत असं धरून चालू. तरीही २०० रचना हा आकडा मला झोपू देणार नाही.

पाच टक्क्यांच्या कसोटीवर २० निरुपयोगी नियम तपासले तर त्यातला किमान एक 'यशस्वी' निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. (०.९५ चा विसावा घात ०.३६, तो १ मधून वजा.) १०० नियमांना ती ९९ टक्क्यांच्या पुढे जाते.

तुमच्या आकड्यांत बसवून पाहू. २०० रचनांना काहीही कळत नाही, निव्वळ नाणेफेक आहे, असं समजा. २०० यादृच्छिक निकालांतला सर्वांत वरचा सरासरीपेक्षा साधारण २.७५ प्रमाण विचलनं वर असतो. दोन वर्षांच्या तपासणीत वार्षिक शार्प रेशोची प्रमाण चूक (नुसत्या नशिबाने आकडा साधारण किती इकडेतिकडे होतो ते) १ भागिले २ चं वर्गमूळ, म्हणजे ०.७१. गुणाकार: १.९. निर्देशांकाचा वार्षिक चढउतार १६ टक्के धरला तर १.९ गुणिले १६, म्हणजे वर्षाला ३० टक्के. तुमचा आकडा किती होता? ३०.

दिशेचंही करून बघा. ५०० दिवसांत बरोबर दिशेच्या टक्केवारीची प्रमाण चूक २.२. गुणिले २.७५ म्हणजे ६. मग ५० अधिक ६, म्हणजे ५६ टक्के. म्हणजे तुमचे दोन्ही ठळक निकाल जवळजवळ पूर्णपणे 'दोनशेतून एक निवडला' एवढ्यानेच समजावता येतात. त्या रचना एकमेकींच्या बहिणी असल्यामुळे प्रत्यक्षात २०० स्वतंत्र प्रयत्न झालेले नाहीत, हे मान्य. त्या ३० स्वतंत्र रचनांइतक्या धरल्या तरी नुसत्या निवडीतून वर्षाला २३ टक्के निघतात.

उपाय कंटाळवाणा आहे. डेटाचे तीन भाग करा: शिकवणं, निवड, शेवटची तपासणी. सगळी कापाकापी मधल्या भागावर. शेवटचा भाग एकदाच उघडायचा. उघडला, निकाल आवडला नाही, म्हणून रचना बदलून पुन्हा उघडला, की तोही निवडीचा भाग झाला. शिवाय एकाच ठिकाणी तोडण्यापेक्षा सरकती तपासणी बरी: ४ वर्षं शिकवा, पुढचे ३ महिने तपासा, ३ महिने पुढे सरका, पुन्हा शिकवा. अंदाज ५ दिवसांपुढचा असेल तर शिकवण्याच्या शेवटी आणि तपासणीच्या सुरुवातीला किमान ५ दिवसांची फट ठेवा, नाहीतर तेच दिवस दोन्हीकडे मोजले जातात. चालवलेल्या प्रत्येक रचनेची नोंद ठेवा, फसलेल्यांचीही. किती चाळलं हे माहीत नसेल तर जे हाती लागलं त्याची किंमत करता येत नाही.

नमुना किती लागतो याचाही अंदाज घ्या. खरी दिशा ५२ टक्के आहे की ५०, एवढंच दोन प्रमाण चुकांच्या अंतराने सांगायला २५०० दिवस लागतात. दहा वर्षं! इतक्या वर्षांत बाजाराचे नियम, खेळाडू आणि व्याजदर सगळं बदललेलं असतं. दोन महिने कागदावर चालवून 'चाललं' म्हणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा.

आता खर्च. दिवसाची सरासरी हालचाल ०.८ टक्के आणि दिशा खरोखरच ५३ टक्के बरोबर, असं समजा. रोजचा ढोबळ नफा (०.५३ वजा ०.४७) गुणिले ०.८, म्हणजे ०.०४८ टक्के. २५० दिवसांचे १२ टक्के. छान. पण मॉडेल दर दोन दिवसांनी बाजू पलटत असेल तर वर्षात १२५ पलट्या होतात. दलाली, कर, खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर आणि स्लिपेज (धरलेल्या आणि प्रत्यक्ष मिळालेल्या भावातला फरक) मिळून एका पलटीला ०.१ टक्का धरला तर १२.५ टक्के गेले. निव्वळ उणे अर्धा. रोज आत-बाहेर केलंत तर खर्च भरून निघायलाच दिशा ५६ टक्क्यांच्या वर बरोबर यावी लागते.

उपाय म्हणून उंबरठा ठेवा: अंदाजित परतावा व्यवहाराच्या खर्चाच्या किमान दुप्पट असेल तरच हलायचं, एरवी आहे ती बाजू धरून बसायचं. व्यवहार खूप कमी होतील आणि बॅकटेस्ट रटाळ दिसेल. दिसू दे.

आणि 'किती वेळा बरोबर' हा आकडा एकटा घेऊन काहीच ठरत नाही. दहापैकी नऊ वेळा १ टक्का मिळाला आणि एकदा १० टक्के गेले, तर ९० टक्के बरोबर राहून पैसे घटले.

मागचंपान

चर्चा मॉडेलवर गेली आहे, पण आकडेमोड न करता केलेल्या भाकितांचे सापळे वेगळे असतात. त्यांवर थोडं.

बातमी बरोबर ओळखणं आणि बाजार बरोबर ओळखणं ही दोन कामं आहेत. एप्रिल २०२० घ्या. अमेरिकेतली बेरोजगारी त्या महिन्यात १४ टक्क्यांच्या वर गेली. हा आकडा मार्चअखेरीस कोणाच्या हाती आधीच लागला असता तर त्याने काय केलं असतं? विकलं असतं. तिथल्या मोठ्या कंपन्यांचा एस अँड पी ५०० निर्देशांक त्या एप्रिलमध्ये १२ टक्क्यांहून जास्त वाढला. तळ २३ मार्चलाच होऊन गेला होता आणि ऑगस्टमध्ये नवा उच्चांक आला. बातमी वाईट आहे का, हा प्रश्नच चुकीचा. लोकांनी जेवढी वाईट धरली होती त्याहून ती वाईट आहे का, हे ओळखावं लागतं, आणि लोकांनी किती धरली आहे हे कुठे लिहिलेलं नसतं.

वेळ हा दुसरा सापळा. ५ डिसेंबर १९९६ ला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, फेडरल रिझर्व्हचे, अध्यक्ष अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांनी बाजारातल्या अविवेकी उत्साहाबद्दल जाहीर शंका काढली. शंका रास्त होती, फुगा पुढे फुटलाच. पण फुटला मार्च २००० नंतर, तोवर एस अँड पी ५०० दुप्पट झाला होता. आणि ऑक्टोबर २००२ च्या तळालाही तो त्या भाषणाच्या दिवसापेक्षा वरच होता. त्या दिवशी मंदीची बाजू धरून बसलेल्याला इतकी घसरगुंडी होऊनही तिथवर फायदा दिसला नसता. भांडवल तर त्याआधीच संपलं असतं. अलीकडचं उदाहरण २०२२-२३ चं. अमेरिकेत दोन वर्षांच्या कर्जरोख्यांचा व्याजदर दहा वर्षांच्या रोख्यांपेक्षा वर गेला, हे मंदीचं लक्षण मानतात म्हणून मंदी येणार असं जो तो म्हणू लागला आणि २०२३ मध्ये एस अँड पी ५०० सुमारे २४ टक्के चढला.

याच्या उलट, 'पडला की वर येतोच' हेही भाकीतच आहे. जपानचा निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर बंद झाला. ती पातळी पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं.

भाकीत विकणाऱ्यांची परीक्षा घेणं नवं नाही. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड काऊल्स यांनी १९३३ मध्ये त्या काळच्या सल्लागारांच्या शिफारशी गोळा करून तपासल्या, आणि त्यांना भाकीत जमतं असं ठामपणे म्हणता येईना. आजही कोणाचं ऐकण्याआधी चार गोष्टी लेखी मागा: तारीख, पातळी, मुदत आणि किती टक्के खात्री. 'अमुक पातळी टिकली तर तेजी, तुटली तर मंदी' हे भाकीत नव्हे, ते कधी चुकूच शकत नाही. खात्रीची टक्केवारी मिळाली की ब्रायर गुण काढा: दिलेली शक्यता वजा निकाल (घडलं तर १, नाही तर ०), त्याचा वर्ग, सगळ्यांची सरासरी. कायम '५० टक्के' म्हणणाऱ्याला ०.२५ पडतात. गुण जितके कमी तितकं बरं. ८० टक्के खात्रीने बोलून निम्म्या वेळा चुकणाऱ्याचे ०.३४ होतात, म्हणजे गप्प बसणाऱ्यापेक्षा वाईट.

तिरकीरेघ

मागचंपान, पटलं. फक्त यावरून 'बाजारातून कधीच बाहेर पडू नका, सर्वोत्तम दहा दिवस हुकले तर परतावा निम्मा होतो' हा नेहमीचा तक्ता कोणी टाकण्याआधीच हरकत नोंदवतो. तो तक्ता अर्धाच असतो. सर्वांत वाईट दहा दिवस चुकवले तर परतावा तितकाच फुगतो, ते कोणी छापत नाही. खरी अडचण ही की दोन्ही एकाच घोळक्यात येतात. २०२० च्या मार्चमध्ये एस अँड पी ५०० बारा तारखेला साडेनऊ टक्के पडला, तेराला नऊ टक्क्यांहून जास्त चढला आणि सोळाला जवळजवळ बारा टक्के पडला. वाईट दिवसानंतर बाहेर पडणारा चांगला दिवस गमावतो, चांगला दिवस बघून परत येणारा पुढच्या खड्ड्यात पडतो. दिशा ओळखण्याच्या खेळात एका निर्णयाने भागत नाही. बाहेर पडणं आणि परत येणं, दोन्ही जमावं लागतं. प्रत्येक वेळी ६० टक्के बरोबर असाल तरी दोन्ही बरोबर येण्याची शक्यता ३६ टक्केच.

आलेखपाल

सगळ्यांचे आभार. सांगितलेल्या चाचण्या चालवल्या. भाबड्या अंदाजाची सरासरी चूक ०.७ टक्के आली. वेव्हलेट काढून, मोजपट्टी शिकवण्याच्या भागावरच ठरवून आणि व्यवहार दुसऱ्या दिवशीच्या उघडत्या भावाला धरून दिशा ५१ टक्क्यांवर आली. त्या काळात वर बंद झालेले दिवस ५४ टक्के होते. पिसलेल्या मालिकांवर जुनी प्रक्रिया ५६ ते ५८ देत होती, म्हणजे निवडीचा प्रश्न येण्याआधी गळतीच होती.

पुढचा प्रश्न. एकाच डेटात दिशा मिळत नाही, पण मोठ्या हालचालींचे दिवस घोळक्याने येतात हे आलेखात उघड दिसतं. मग चढउताराचा अंदाज करून त्याचा उपयोग होतो का?

हिशेबनीस

होतो, आणि दिशेपेक्षा कितीतरी भरवशाने. मोठ्या हालचालींमागे मोठ्या हालचाली येतात हे गणितज्ञ मँडेलब्रॉट यांनी १९६३ मध्ये कापसाच्या भावांवर दाखवलं. अर्थशास्त्रज्ञ एंगल यांनी १९८२ मध्ये त्याचं मॉडेल दिलं आणि २००३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. न्यूरल जाळ्याबिळ्याची गरज नाही, एका ओळीचं सूत्र पुरतं: नवं वर्गविचलन (रोजच्या चढउताराचा वर्ग) = ०.९४ गुणिले जुनं अधिक ०.०६ गुणिले आजच्या परताव्याचा वर्ग.

रोजचा चढउतार १ टक्का चालू आहे आणि आज बाजार ३ टक्के पडला. ०.९४ अधिक ०.०६ गुणिले ९, म्हणजे १.४८. वर्गमूळ १.२२ टक्के. वार्षिक करायला १५.९ ने गुणा (२५२ चं वर्गमूळ): १९.४ टक्के.

उपयोग भांडवलाचा हिस्सा ठरवायला. तुम्हाला वर्षाला १० टक्के चढउतार सोसवतो असं ठरवा. काल अंदाज १५.९ होता, हिस्सा १० भागिले १५.९ म्हणजे ६३ टक्के. आज अंदाज १९.४, हिस्सा ५२ टक्के. उरलेले रोख. यात बाजार कुठे जाणार याबद्दल काहीही म्हटलेलं नाही.

जिथे फसतं ते लक्षात ठेवा. ०.९४ ची स्मृती सुमारे ११ दिवसांत निम्मी होते. म्हणजे सूत्र नेहमी घटनेच्या मागून धावतं. १६ ऑक्टोबर १९८७ च्या शुक्रवारी अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक ४.६ टक्के पडला, सूत्राने सोमवारसाठी अंदाज वाढवला असता, आणि सोमवारी १९ तारखेला तो २२.६ टक्के पडला. अशा दिवशी स्टॉपलॉसही (ठरावीक भावाखाली गेलं की विकायची आगाऊ सूचना) लिहिलेल्या भावाला लागत नाही, जो भाव मिळेल त्याला लागतो. म्हणून हिश्श्याला वरची मर्यादाही हवी. बाजार शांत आहे, अंदाज ६ टक्के आहे, म्हणून सूत्र १६७ टक्के गुंतवा म्हणेल. उसने पैसे घेऊन ते ऐकू नका, १०० वर थांबा.

तपासताना पुन्हा भाबडी तुलना हवीच: गेल्या २० दिवसांचं साधं प्रमाण विचलन. जे काही नवं कराल त्याने आधी याला हरवावं. खरा चढउतार म्हणून एका दिवसाच्या परताव्याचा वर्ग धरलात तर तो फार गोंगाटी असतो आणि चांगला अंदाजही वाईट दिसतो. ५ मिनिटांच्या परताव्यांच्या वर्गांची दिवसभराची बेरीज मिळाली तर ती वापरा. आणि हिस्सा रोज हलवू नका. ठरलेल्या आणि चालू हिश्श्यात भांडवलाच्या १० टक्क्यांहून जास्त अंतर पडलं तरच व्यवहार करा. वरच्या उदाहरणात ६३ चे ५२ झाले, अंतर ११, म्हणजे करा. ५५ झाले असते तर काही करायचं नव्हतं.